संशोधनाचा विषय नक्की ठरतो कसा? (समुद्रविज्ञानातल्या नव्या लोकांसाठी, जुन्यांनीही लिहा)

निळीशाई
सागरविज्ञानात एमएस्सी संपत आलंय आणि पीएचडीचे अर्ज भरतेय. प्रत्येक अर्जात 'संशोधनातील रस' असा रकाना असतो, तिथे गाडी अडलीय. वेगवेगळ्या संस्थांच्या पानांवर नवीन लोकांनी काय लिहिलंय ते वाचून काढलं तर बहुतेकांचं सारखंच, हवामानबदल, जैवविविधता, परिसंस्था, शाश्वतता. माझा कच्चा मसुदा असा आहे: प्लवक, समुद्राचं आम्लीकरण, मायक्रोप्लास्टिक, कमी ऑक्सिजनचे पट्टे, प्रवाळ. यातलं खोटं काहीच नाही, मला खरंच हे सगळं आवडतं. पण आमच्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या ही तर पुस्तकाची अनुक्रमणिका झाली, यात तू कुठेयस?

तर जे या क्षेत्रात आहेत त्यांनी सांगा, तुमचा विषय कसा ठरला? आधी प्रश्न सुचला, की एखादा प्राणी आवडला, की एखादं यंत्र हाताला लागलं, की गाईडकडे जे चालू होतं ते घेतलं? आणि इतक्या लवकर एकाच गोष्टीला बांधून घ्यावं का? सविस्तर लिहिलंत तर बरं होईल, अर्जांना अजून अवधी आहे.

टवाळ
यादीत देवमासा आणि डॉल्फिन दोन्ही नाहीत म्हणजे मुलगी सिरियस आहे. दिवे घ्या. वाचतोय.

पाचवापाय
माझा विषय प्राण्यापासून सुरू झाला, पण प्राणी आवडला म्हणून नाही. कोपेपॉड म्हणजे मिलिमीटरभराचे कवचधारी जीव, समुद्रातल्या जाळीत येणाऱ्या प्राणिप्लवकात, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांत, बहुतेक वेळा यांचीच गर्दी. फॉर्मलिनमधला नमुना ट्रेमध्ये ओतायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचा, आणि जात ओळखायला बऱ्याच वेळा पाचवा पाय बघावा लागतो. तो पाय सुईने सोडवून काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा आणि काटे मोजायचे. माझ्या बॅचमधले बरेच जण दुसऱ्या आठवड्यात कंटाळले, मला मात्र संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही. तेव्हाच माझ्यापुरता विषय ठरला, नाव नंतर दिलं.

निळीशाई, तुझ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एक रोजचं काम चिकटलेलं आहे. आम्लीकरण म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) आणि पीएच तिसऱ्या दशांशापर्यंत सांभाळणं. मायक्रोप्लास्टिक म्हणजे गाळण्या, कोरे नमुने आणि स्वतःच्या कपड्यांचे धागे नमुन्यात पडू न देणं. प्रवाळ म्हणजे पाण्याखाली चौकटी टाकून फोटो आणि मग महिनोन् महिने ते फोटो संगणकावर बिंदू टाकून वाचणं. यातलं कुठलं काम तू रोज, कुणी न सांगता करशील? मथळा आवडणं सोपं असतं गं.

वाटसरू_७
पाचवापाय, आयडीचा अर्थ आज कळला! मला इतके दिवस वाटायचं काहीतरी आध्यात्मिक आहे.

गलबत
पाचवापाय यांच्याशी अर्धा सहमत. रोजचं काम आवडलं पाहिजे हे खरं, पण कामावरून विषय ठरवला तर माणूस तंत्रात अडकतो आणि प्रश्न बाजूला राहतो. मी भौतिक समुद्रविज्ञानातला, त्यामुळे माझं मत वेगळं असणारच.

आमच्याकडे १९९९ पासून आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली स्वयंचलित मोजणी यंत्रं, सुटायला लागले. साधारण ४००० फ्लोट आज जगभर तरंगतायत, १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात, आणि डेटा कुणालाही फुकट. त्याआधी दक्षिण महासागरात हिवाळ्यात काय चालतं हे जहाजाने बघणं जवळपास अशक्य होतं. आज पंचविशीतला मुलगा घरी बसून ते बघू शकतो. मग त्याने आधी प्रश्न विचारायला शिकायचं की बाटल्या धुवायला? माझा सल्ला, प्रोग्रॅमिंग पक्कं करा, प्रश्न मोठा ठेवा, प्राणी नंतर येतील.

पाचवापाय
@गलबत, फ्लोट फुकट डेटा देतो हे मान्य, पण ज्या गोष्टीसाठी सेन्सर नाही ती कोण मोजणार? एक उदाहरण देते. ॲलिस्टर हार्डी यांचा प्लँक्टन रेकॉर्डर १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे ओढला जातोय, आत रेशमाची पट्टी हळूहळू सरकते आणि प्लवक तिच्यावर चिकटतं. माणसं ते मोजत बसली, आणि महत्त्वाचं म्हणजे पट्ट्या जपून ठेवल्या. २००४ साली मायक्रोप्लास्टिकवरचा जो गाजलेला पेपर आला त्यात याच जुन्या पट्ट्या उघडून १९६० च्या दशकापासून प्लास्टिकचे तंतू कसे वाढत गेले ते दाखवलं. पट्टी गुंडाळून ठेवणाऱ्याच्या डोक्यात प्लास्टिक नव्हतंच. प्रश्न नंतर आला, नमुना आधी होता. बाटल्या धुणाऱ्यांना कमी लेखू नका.

गलबत
कमी लेखलं नाही हो, उदाहरण चांगलंय, मान्य. पण ती पट्टी निवृत्त होईपर्यंत गुंडाळत राहा असं मी नव्या मुलीला सांगू शकत नाही, तिला तीन-चार वर्षांत प्रबंध द्यायचाय.

डेकवरचा
मी संशोधक नाही, जहाजावर विंच आणि सीटीडी (पाण्यात सोडून क्षारता, तापमान, खोली मोजायचं यंत्र) सांभाळतो. नवीन मुलंमुली येतात, दरवेळी बघतो. काहींना विचारलं तुझा विषय काय तर पाच मिनिटं बोलतात पण कुठल्या खोलीवर पाण्याच्या नमुन्याची बाटली बंद करायची विचारलं की गाईडकडे बघतात. आणि काही असतात ज्यांना रात्री तीनला उठवलं, ऑक्सिजनचा वक्र स्क्रीनवर उतरताना दिसला की ओरडून सांगतात थांबा थांबा इथे एक बाटली अजून पाहिजे. त्यांचा रस कुठे आहे ते मला फॉर्म न वाचता कळतं.

दोन विनंत्या पण आहेत. स्टेशनं (मोजणीसाठी थांबायच्या जागा) आखताना हवामान खराब झालं तर कुठली सोडणार ते आधी ठरवून या. आणि रोझेट, म्हणजे नमुन्याच्या बाटल्यांची चौकट, वर आलं की पहिली बाटली ऑक्सिजनवाल्याची असते, तिथे गर्दी करू नका.

मृण्मयी_क
धाग्यावर जहाजाचं इतकं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. मला बोट लागते. औषधं, आलं, मनगटाला पट्टे, सगळं करून झालं, काही उपयोग नाही. म्हणून समुद्र सोडायचा का? मी संगणकावर समुद्राचं मॉडेलिंग करते, आणि मला ते दुय्यम वाटत नाही.

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. १९५० च्या दशकात बायकांना जहाजावर घेत नसत, त्यामुळे दुसऱ्यांनी आणलेले खोलीचे आकडे ती टेबलावर बसून कागदावर उतरवायची. त्यातूनच अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर उभी दरी आहे हे तिला दिसलं. सुरुवातीला सहकाऱ्याने ते बायकी बडबड म्हणून उडवून लावलं, मग भूकंपाची केंद्रं त्याच रेषेवर पडतायत असं निघालं. आकडे ज्यांनी आणले त्यांनाही ती दरी दिसली नव्हती. आणि आजही तळाचा पाव भागाहून थोडाच जास्त हिस्सा नीट मोजून झालाय, तेव्हा टेबलावरच्या लोकांना काम भरपूर आहे.

एक_पालक
माझा मुलगा याच वाटेवर आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. विषय कुठलाही घेतला तरी पुढे काय? पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), मग परत पोस्टडॉक असं ऐकतो.

ओहोटी
@एक_पालक, राग कसला, बरोबर प्रश्न आहे. कायमच्या जागा कमी आहेत आणि एका वर्षाच्या करारांवर राहणारे माझे कित्येक मित्र आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण विषयानुसार फरक पडतो. मासेमारीचं मूल्यांकन, पाण्याची गुणवत्ता, जलालेखन म्हणजे तळाचं सर्वेक्षण, डेटा सांभाळणं, यात विद्यापीठाबाहेर कामं मिळतात. एखाद्या जातीच्या वर्तनावर प्रबंध केला तर बाहेरची दारं कमी. मुलाला सांगा, विषय आवडीचा घे पण त्यातलं एक तरी कौशल्य असं असू दे की जे तिसऱ्या माणसाला लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मत्स्यविज्ञानातली. माझा विषय गाईडकडे जे होतं त्यातून आला, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही. लॅबमध्ये माशांच्या कानातल्या खड्यांच्या, म्हणजे ओटोलिथच्या, डब्याच रचून ठेवलेल्या होत्या. खडा राळेत बसवायचा, पातळ काप काढायचा, घासून पॉलिश करायचा, आणि मग झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मोठ्या माशात वर्षाची, आणि पिल्लांमध्ये चक्क दिवसाची, हे दिवसाचं १९७१ साली पानेल्ला यांनी दाखवलं. म्हणजे हातातलं नखाएवढं पिल्लू कुठल्या तारखेला अंड्यातून बाहेर आलं ते मोजता येतं! पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी उठून आख्ख्या लॅबला बोलावून आणलं होतं.

मग कळलं की या डब्यांमागचा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ साली म्हटलं होतं की माशांची एखादी पिढी भरभरून येते आणि पुढची का येत नाही, हे बहुधा पिल्लांच्या सुरुवातीच्या दिवसांत ठरतं, पिशवीतलं बलक संपलं की वेळेवर खाणं मिळतं का त्यावर. याचं पूर्ण उत्तर आजही कुणाकडे नाही. गाईडने दिलेल्या डब्यातून मी त्या प्रश्नापर्यंत पोचले. त्यामुळे आधी प्रश्न की आधी काम या वादात मला दोन्ही बाजू एकाच घरात राहताना दिसतात.

टवाळ
पण ओहोटीताई, पिल्लाची जन्मतारीख काढून पत्रिका पण मांडता का?

ओहोटी
पत्रिका नाही, पण त्या तारखेला पाण्याचं तापमान काय होतं ते बघते :)

अनघड
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय. संशोधनातला 'सुरुवातीचा काळ' म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रांच्या महासागर दशकात (२०२१ ते २०३०) तरुण संशोधकांसाठी जो कार्यक्रम आहे त्यात दहा वर्षांपर्यंत अनुभव असलेले सगळे येतात. म्हणजे नुकती लागलेली मुलगी आणि स्वतःचे विद्यार्थी असलेला माणूस एकाच रांगेत. दोघांनी एकाच प्रकारे 'माझे रस' लिहायचे हे चुकीचं आहे. नव्या व्यक्तीकडून ठरलेला विषय मागूच नये, तिला काय करून बघायचंय एवढंच विचारावं. निळीशाई, बांधून घेऊ नकोस असं माझं ठाम मत.

गलबत
अनघड, तत्त्वतः बरोबर, पण अर्ज वाचणारा माणूस एका दुपारी गठ्ठाभर अर्ज वाचतो. जिने एक नेमका प्रश्न लिहिलाय तिचाच लक्षात राहतो. तो प्रश्न पुढे बदलला तर कुणी फाशी देत नाही.

मृण्मयी_क
+१. आणि विषय बदलण्याबद्दल माझं आवडतं उदाहरण, १९७७ ची गॅलापागोसजवळची मोहीम. गरम पाण्याचे झरे शोधायला गेलेले सगळे भूशास्त्रज्ञ आणि रसायनवाले, आल्विन पाणबुडी अडीच किलोमीटर खाली गेली तर झऱ्यांभोवती शिंपले आणि नळकृमींची वस्ती! जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मलिन नव्हतं म्हणून व्होडकासुद्धा वापरली. सूर्यप्रकाशाशिवाय चालणारी आख्खी परिसंस्था अशी दुसऱ्याच विषयाच्या लोकांना सापडली.

टवाळ
फॉर्मलिन नव्हतं पण व्होडका होती, प्राधान्यक्रम आवडला.

शिंपला
गलबत म्हणाले माणूस तंत्रात अडकतो. उलट उदाहरण देतो. १९८० च्या दशकात सॅली चिझम यांच्या गटाने पेशी मोजणारं फ्लो सायटोमीटर जहाजावर नेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात अगदी मंद लाल ठिपक्यांची गर्दी यायची, कुणालाही वाटलं असतं यंत्राचा नॉइज आहे. ते यंत्र ज्यांना आतून माहीत होतं त्यांनीच तो सोडून दिला नाही. तो निघाला प्रोक्लोरोकॉकस, १९८८ साली प्रसिद्ध झाला, प्रकाशसंश्लेषण करणारा पृथ्वीवरचा सगळ्यात लहान आणि संख्येने सगळ्यात जास्त असलेला जीव. यंत्र नीट कळलं नसतं तर प्रश्न पडलाच नसता.

निळीशाई
इतके प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. पाचवापाय यांच्या प्रश्नावर विचार केला, कुणी न सांगता कुठलं काम करते. उत्तर लगेच मिळालं, विंकलर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची ही १८८८ पासूनची पद्धत. बाटली एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण घातलं की आत तपकिरी साका पडतो. ऑक्सिजन जितका जास्त तितका तो गडद. मग आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळसर होतं आणि थायोसल्फेटचे थेंब मोजून घालत टायट्रेशन करायचं, शेवटी स्टार्चने निळं झालेलं पाणी एका थेंबात अगदी रंगहीन होतं. आमच्या फील्ड ट्रिपला ओएमझेडमधल्या, म्हणजे त्या कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यातल्या बाटल्या होत्या, त्यांच्यात साका जवळपास पांढराच राहिला. बाटली हातात धरून कळतं की या पाण्यात श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि तरी त्याच खोलीवर दिवसा सोनारला जाड थर दिसत होता, प्राण्यांचा. तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

मग नवीन मसुदा असा: 'रोज रात्री वर येऊन दिवसा कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यात उतरणारे प्राणी तिथला उरलासुरला ऑक्सिजन किती वापरतात, आणि हा पट्टा वर सरकला तर ते कुठे जातील?' अनघड, बांधून घेतल्यासारखं वाटत नाहीये, उलट सुटल्यासारखं वाटतंय.

पाचवापाय
शाब्बास! हा रस. हा थर दुसऱ्या महायुद्धात सोनारवाल्यांना दिसला तेव्हा त्यांना तो तळच वाटला होता, आणि संध्याकाळ झाली की तो 'तळ' वर यायचा :)

एक सांगते, सोनारला फक्त थर दिसतो, कोण आहे ते दिसत नाही. त्यासाठी ठरावीक खोलीवर उघडबंद होणारी जाळी, आणि एकाच जागी दिवसा एक ओढ, रात्री एक ओढ. ते अर्जात असू दे.

गलबत
प्रश्न आवडला. पण आता मीच माझ्या फ्लोटांविरुद्ध बोलतो. फ्लोट दहा दिवसांनी एकदा वर येतो, तुझे प्राणी चोवीस तासांत खालीवर करतात. फ्लोटचा ऑक्सिजन डेटा तुला पट्टा कुठे आहे आणि ऋतूप्रमाणे कसा हलतो ते सांगेल, दिवसरात्रीचा फरक त्यात शोधू नकोस.

दुसरं, तुझं विंकलर इथे दोन्हीकडून महत्त्वाचं. फ्लोटवरच्या ऑक्सिजन सेन्सरांचे आकडे साठवणीतच सरकतात, म्हणून काही फ्लोट पृष्ठभागावर आले की हवेतला ऑक्सिजन मोजून स्वतःला तपासतात, आणि सोडताना शेजारी विंकलरची बाटली असली तर फार उपयोग होतो. पण पट्ट्याच्या अगदी गाभ्यात विंकलरवर विसंबू नकोस. बाटलीत शिरलेल्या थोड्याशा हवेनेही खोटा ऑक्सिजन दिसतो. तिथे नॅनोमोलरपर्यंत, म्हणजे अगदी नगण्य मात्रेपर्यंत, मोजणारे खास सेन्सर लागतात, स्टॉक्स म्हणतात त्यांना. ज्या गाईडकडे अर्ज करतेयस तिच्याकडे ते आहेत का बघ.

डेकवरचा
जहाजाच्या तळाला एडीसीपी असतो, पाण्यात आवाज सोडून प्रवाह मोजायला. मोहीम चालू असली की तो बहुतेक वेळ रात्रंदिवस चालूच असतो आणि प्रवाहाबरोबर पाण्यातल्या प्राण्यांवरून आवाजाचा परतावा किती आला तेही नोंदतो. प्रवाहवाले आपलं घेऊन जातात, परताव्याच्या फायली तशाच पडून राहतात. जुन्या मोहिमांच्या मागून घ्या.

निळीशाई
@डेकवरचा, हे सोनं सांगितलंत! कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या फायली मागू?

शिंपला
याचं उत्तर मी देतो. ३८ किलोहर्ट्झची मिळाली तर साधारण हजार मीटर खोलपर्यंत दिसेल, ७५ ची साधारण सहा-सातशे, १५० ची तीनशेच्या अलीकडेपलीकडे. पण ३८ ला तरंगलांबी चार सेंटिमीटर, तिथे मुख्यतः पोटात हवेची पिशवी असलेले कंदीलमासे वगैरे उठून दिसतात, छोटे कोपेपॉड त्यात हरवतात. म्हणून मसुद्यात नुसतं 'प्राणी' आहे ते बदल, मासे की क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) की कोपेपॉड ते लिही, कारण प्रत्येकाचा श्वसनाचा वेग वेगळा आणि ऑक्सिजनचा हिशोब त्यावरच उभा राहणार. आणि फायलींबरोबर त्या मोहिमेचा सीटीडी डेटा पण माग, पाण्यात आवाज किती शोषला जातो ते तापमान-क्षारतेवरून काढल्याशिवाय परताव्याचे आकडे वापरता येणार नाहीत.